गप्प राहिली म्हणजे चोर?

मालकिणीची सोनसाखळी सापडत नाही. पहिला संशय कुणावर? धुणीभांडी करणाऱ्या बाईवर! पोलीस तिला ठाण्यात नेऊन बसवतात. ती रडली तर नाटक, उलट बोलली तर उद्धट आणि गप्प राहिली तर 'चोराच्या मनात चांदणे'. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व तिच्या वाट्याला येतच नाही.

कायदा काय सांगतो? ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे नाकारली, म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर न देण्याचा हक्क कोर्टातच नव्हे, पोलीस चौकशीतही आहे. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावणेही न्यायालयाने चूक ठरवले. माजी मुख्यमंत्र्यांचा हा हक्क मोलकरणीचा का नाही?

म्हणून प्रत्येकीला हे पाठ हवे. नाव-पत्ता खरा सांगावा. अटक करत असतील तर कारण विचारावे, वकील मागावा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. पोलिसांपुढची नुसती कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. अपवाद सोडता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. मारहाण झाली असेल तर तिथे सांगावे.

आता अवघड प्रश्न. आरोप बलात्काराचा असेल तर? ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असे सिरपूरकर आयोगाचा अहवाल सांगतो. तो २०२२ मध्ये उघड झाला. खटला झालाच नाही. खरे गुन्हेगार तेच होते का, हे कोर्टात आता कधीच ठरणार नाही. याला त्या मुलीला मिळालेला न्याय म्हणायचे?

पोलिसांच्या हाती न्याय सोपवणाऱ्यांनी मथुरा प्रकरण आठवावे. १९७२ साली अत्याचार झाला तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच. सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले, तेव्हा स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांनी गोळ्या मागितल्या नाहीत. फेरविचार मागितला, कायद्यात बदल मागितला आणि १९८३ साली तो करायला लावला.

मैत्रिणींनो, वस्तीतल्या बाईला ठाण्यात नेले की दोघी-तिघींनी तिच्यासोबत जायचे. आणि 'आरोपीला आमच्या ताब्यात द्या' ही घोषणा आपल्या मोर्चात द्यायची नाही.