रस्ता हवाच, पण पाणी जायला मोरीही हवी

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. २०२५ साली नेमक्या याच दिवशी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शाळेत आम्ही मुलांना पर्यावरण दिनाला रोप लावायला सांगतो. सरकारने त्या दिवशी रस्ता सुरू केला. दोन्ही कामं चांगलीच, पण दोघांचा हिशोब एकत्र कोणी मांडत नाही.

आधी स्पष्ट सांगतो, मी रस्त्याच्या विरोधात नाही. रिसोडहून पेशंट अकोल्याला न्यायचा असेल तर खड्डे किती जीव घेतात, हे घरोघरी माहीत आहे. आपल्या समाजात ड्रायव्हर, मिस्त्री, गॅरेजवाले, फळविक्रेते खूप. त्यांची रोजीरोटीच रस्त्यावर आहे. वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. इथे रस्ता नको म्हणणं सोपं नाही. प्रश्न आहे तो रस्ता कसा आणि कोणाला विचारून, हा.

थोडं गणित करू. समृद्धीची रुंदी साधारण १२० मीटर. म्हणजे एका किलोमीटरला १२ हेक्टर, जवळपास ३० एकर जमीन. आपल्या जिल्ह्यात मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून हा रस्ता सुमारे ९७ किलोमीटर जातो. गुणाकार केला तर साडेअकराशे हेक्टरच्या वर. वाटेत काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचा परिसर. जनावरांना जायला खालून-वरून वाटा ठेवल्या आहेत, ही चांगली गोष्ट. पण काळवीट नकाशा पाहून चालत नाही.

दुसरं नुकसान पाण्याचं. आपली काळी जमीन, हलका उतार, पावसाळ्यात शेतातून शेतात वाहणारं पाणी. मध्ये रस्त्याचा उंच भराव आला की तो बांधच होतो. मोरी लहान असेल किंवा चुकीच्या जागी असेल तर एका बाजूला सोयाबीन सडतं आणि दुसऱ्या बाजूची विहीर भरत नाही. आमच्या नात्यातल्या एका शेतात असंच झालं. नळकांडी पूल टाकला तो नाल्यापासून बराच लांब. चाचा दोन वर्षं अर्ज घेऊन फिरले. मोबदला एकदाच मिळतो, पाणी मात्र दरवर्षी साचतं.

मग सगळे पक्ष रस्त्याच्या बाजूने का असतात? कारण रस्ता दिसतो. त्याचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, नाव देता येतं. समृद्धीची घोषणा २०१५ मध्ये फडणवीस सरकारने केली. तेव्हा शिवसेनेने शेतकऱ्यांच्या बाजूने विरोधाचा सूर लावला होता. २०१९ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि त्याच रस्त्याला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं गेलं. खोल गेलेल्या विहिरीचं उद्घाटन कोणी करत नाही.

आता नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग पाहा. मूळ आखणीत ८०० किलोमीटरच्या आसपास, १२ जिल्हे, आपल्या शेजारचा हिंगोलीही त्यात. लोकसभेत फटका बसल्यावर, विधानसभेच्या आधी कोल्हापूरपुरती अधिसूचना मागे घेतली गेली. निवडणूक झाली आणि २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली, भूसंपादनासाठी २० हजार कोटींच्या वर तरतूद केली. कोल्हापूरचे मंत्री हसन मुश्रीफ, जे काही काळ आपल्या वाशिमचे पालकमंत्रीही होते, त्यांनाही तिथल्या शेतकऱ्यांची बाजू घ्यावी लागली. कारण शेतकरी एकत्र होते. झाडाला मत नाही, नाल्याला मत नाही. त्यांच्या वतीने बोलणारा माणूस उभा राहिला तरच सरकार ऐकतं.

कायद्यातही फट आहे. राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. उत्तराखंडात चारधामचा सुमारे ९०० किलोमीटरचा रस्ता ५३ तुकड्यांत दाखवला गेला, तो याचमुळे.

पण चांगलं उदाहरणही शेजारीच आहे. बुलढाणा पॅटर्नमध्ये महामार्गाला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घेतला. रस्ताही झाला, पाणीही साठलं. नितीन गडकरींनी स्वतः हा पॅटर्न देशभर सांगितला. म्हणजे इच्छा असेल तर जमतं. मग प्रत्येक रस्त्याच्या कामात ही अट का नको?

आपण काय करायचं? राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात. ती वर्तमानपत्रात येते, ती वाचा. हरकतीत फक्त भाव लिहू नका. नाला कुठे आहे, मोरी कुठे हवी, कोणती जुनी कडुलिंब-चिंचेची झाडं वाचवता येतील, हेही लिहा. सातबारा अजून दादांच्याच नावावर असेल तर वारसनोंद आजच करा, बहिणींची नावं धरून. नाहीतर मोबदला अडकतो आणि घरं तुटतात.

रस्त्यातला त्रासदायक दगड बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण मुलांना शिकवतो. रस्त्यामुळेच कोणाच्या शेताला त्रास होत असेल, तर तो दूर करायला उभं राहणं त्यात येत नाही का? मत मागायला येणाऱ्याला यावेळी रस्ता कधी होणार एवढंच विचारू नका. मोरी कुठे ठेवणार, तेही विचारा.