अंगठ्याला एकच पट्टा पुरत नाही

अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजून शस्त्रक्रिया करावी लागली, तर बहुधा ट्रॅपेझियम हे मनगटातले छोटे हाड काढतात. त्यानंतर दुकानातला तयार पट्टा पहिल्या दिवसापासून पुरतो, हे याच सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे बरोबर नाही. सुरुवातीला साधारण २ ते ६ आठवडे प्लास्टर किंवा मनगटासह अंगठा धरणारा कडक स्प्लिंट लागतो. नेमका काळ शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर ठरतो.

पुढचा स्प्लिंट थर्मोप्लास्टिकचा. त्याचा पत्रा सुमारे ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यात मऊ करून थेट हातावर बेततात. अंगठ्याचे टोकाकडचे पेर मोकळे ठेवतात, म्हणजे ते आखडत नाही. व्यायामासाठी तो काढता येतो, हा मोठा फायदा. मात्र हडपसरच्या मे महिन्यातल्या उन्हात तो स्कूटरच्या डिकीत विसरला, तर आकार बिघडण्याची भीती असते.

निओप्रीनचा मऊ पट्टा वाईट नव्हे. त्याची पाळी शेवटी येते. मंडईत मेथीची जुडी सोडताना, पिशवी उचलताना तो आधार देतो, पण ताज्या शस्त्रक्रियेला तो पुरेसा धरून ठेवत नाही. कोणताही स्प्लिंट काढल्यावर त्वचेवरचा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही किंवा बोटे बधिर झाली, तर तो थेरपिस्टकडून पुन्हा बेतून घ्यावा.