हरवलेली मिनिटे

अंधेरीच्या साकीनाक्यावर किंवा मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहावे. सिग्नल लाल असतानाच पाठीला चौकोनी पिशवी लावलेला एखादा मोटारसायकलवाला सुळकन पुढे निसटतो. ‘या पोरांना शिस्तच नाही,’ असे आपण म्हणतो. ते खरेही असते. पण हिशेब तेवढ्यावर मिटत नाही.

उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे, रक्कम नेमकी कोणाच्या खात्यातून वजा झाली हे पाहण्याची मला खोड आहे. इथे मिनिटांची खतावणी तपासावी. हॉटेलात पदार्थ तयार नसतो, तिथे काही मिनिटे जातात. सोसायटीच्या फाटकावर नाव-नंबर लिहा, वरून होकार येईपर्यंत थांबा, वेगळ्या लिफ्टची वाट पाहा, यात आणखी काही गेली. ही तूट भरून काढायला त्या मुलाच्या हाती एकच जागा उरते, ती म्हणजे रस्ता. कमाई महिन्याची नव्हे, खेपेची. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे आणि पडला तर हाडही त्याचेच. त्याच रस्त्यावरून आपली नातवंडे क्लासला जातात.

मुंबईचे घड्याळाशी वैर नाही. १८९० च्या सुमारास सुरू झालेले डबेवाले वेळेचे पक्के. पण त्यांची वेळ लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेली, गिऱ्हाईक ठरलेले, पैसे महिन्याचे. तिथे वक्तशीरपणाला सिग्नल तोडावा लागत नाही.

अमेरिकेत डॉमिनोजने पिझ्झाची ३० मिनिटांची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, ती सेंट लुइसच्या ज्युरीने अपघातात जखमी झालेल्या एका महिलेला ७ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवल्यावर. आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केल्यावर ब्लिंकिटने ‘१० मिनिटे’ हे शब्द जाहिरातीतून काढले. बरे झाले. पण पाटी उतरली आणि कमाई खेपेवरच राहिली, तर सिग्नलवरची घाई कशी कमी होणार? थांबलेल्या वेळेचाही मोबदला ठरला पाहिजे. ते काम कंपन्यांचे आणि सरकारचे.

आपले काम लहान आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत ठराव करावा, की जेवण घेऊन आलेल्या माणसाला फाटकावर ताटकळत ठेवायचे नाही आणि त्याला कोणतीही लिफ्ट चालेल. उशीर झाला म्हणून सारखे फोन करू नयेत. तो फोन चालत्या गाडीवर वाजत असतो. बिर्याणी निवली तर ती पुन्हा गरम करता येते.