पडत्या भावातला समुद्रकाठ



उसाचे बिल खात्यावर पडले की गावात पाहुण्यांची वर्दळ वाढते. त्यातच एखादा जमिनीचा दलाल येतो. ओट्यावर नकाशा पसरतो आणि म्हणतो, "मालक, कोकणात समुद्राला लागून वीस गुंठे आहेत. मंदीमुळे भाव निम्म्यावर आलाय. असा योग पुन्हा नाही."

मंदीत घ्यावे, तेजीत विकावे, हे खरेच. पण स्वस्ताई दोन तऱ्हेची असते. एक मंदीची, दुसरी खोडीची. मंदीने उतरलेला भाव पुढेमागे सावरतो. खोडीने उतरलेला सावरत नाही. बाजारात बैल स्वस्त मिळाला तर तुम्ही आधी त्याचे दात बघता, चार पावले चालवून बघता. जमिनीलाही तसेच चालवून बघा.

पहिली खोड समुद्राचीच. किनाऱ्यावरच्या बांधकामाला १९९१ पासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. लोक त्याला 'सीआरझेड' म्हणतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत सर्वसाधारणपणे नवे घर बांधता येत नाही. दाट वस्तीच्या गावांसाठी हा पट्टा ५० मीटरचा ठरवला आहे. तुमचे वीस गुंठे त्या पट्ट्यात असतील, तर लाटा बघायला मिळतील, घर नाही.

दुसरी खोड कागदाची. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात. निम्मे हिस्सेदार मुंबईत. एकाची सही राहिली तरी पुढे कोर्टाची पायरी चढावी लागते. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा स्वतः काढा. जमीन 'भोगवटादार वर्ग २' असेल तर परवानगीची भानगड आधी निस्तरा.

तिसरी खोड जागेवर गेल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात जा, उधाणाच्या भरतीला जा. विहिरीचे पाणी चाखा, मचूळ आहे का बघा. नकाशातला रस्ता पायाने चाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्या दिवशी काय झाले, ते शेजारच्या बागायतदाराला विचारा.

आणखी एक हिशेब. सौदा कितीही स्वस्तात ठरो, मुद्रांक शुल्क सरकारी दर आणि सौद्याची रक्कम यांत जी जास्त असेल तिच्यावर भरावे लागते. शिवाय आज गिऱ्हाईक नाही म्हणून भाव पडला आहे. उद्या मुलीचे लग्न निघाले, दवाखाना निघाला, तर तुम्हाला तरी गिऱ्हाईक कुठून मिळणार?

म्हणून दहा वर्षे हात लावावा लागणार नाही असा पैसा असेल, तरच हा विचार करा. कारभारणीला विचारा, वकिलाला कागद दाखवा, मगच इसार द्या. घरची विहीर गहाण टाकून समुद्र विकत घेऊ नका. समुद्राच्या पाण्यावर ऊस येत नाही.