कागदावरचे शून्य



सुरगाण्याच्या बाजाराच्या दिवशी एक आजीबाई माझ्याकडे आल्या. पिशवीत जपून ठेवलेला वनहक्काचा कागद पुढे करून म्हणाल्या, "सायेब, पोरगा सांगतो कागदावर शून्य लिव्हलंय. माझी जमीन गेली का?"

क्षेत्राच्या रकान्यात 0.80 असा आकडा होता. मी सांगितले, "आजी, हे शून्य हेक्टर आणि ऐंशी आर. म्हणजे दोन एकराला एक गुंठा कमी." आजींचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्यांनी विचारले, "मग दोन एकर असं सरळ का लिहीत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज थोडे शब्दांविषयी बोलू.

एकर हा शब्द आपण इतका आपला मानला आहे की तो इंग्रजी आहे हे विसरूनच गेलो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'शेत' असा होता. पुढे बैलांची एक जोडी दिवसभरात नांगरील तेवढी जमीन म्हणजे एकर, असे ठरले. आपणही 'दोन औतांची जमीन' म्हणत आलोच की! गंमत म्हणजे संस्कृतात शेताला 'अज्र' असा एक फार जुना शब्द आहे. तो आणि एकर एकाच मुळाचे आहेत, असे भाषेचे जाणकार सांगतात.

फर्लांगाचेही तसेच. म्हातारी माणसे अजून 'दोन फर्लांगावर' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'तासाची लांबी' असा आहे. तास म्हणजे घड्याळाचा नव्हे, नांगराचा! एक फर्लांग म्हणजे 660 फूट. तेवढी लांबी आणि 66 फूट रुंदी मिळून एक एकर होतो. हे 66 फूट म्हणजे एडमंड गंटर या इंग्रज गणित्याने 1620 च्या सुमारास केलेली मोजणीची साखळी. आपल्या जुन्या मोजणीतली शंकू साखळी बरोबर तिच्या निम्मी, म्हणजे 33 फुटांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर.

पूर्वी आपल्याकडे काठी, पांड, बिघा चालत. पण काठी गावोगाव लहानमोठी. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात नव्या पद्धतीने मोजणी सुरू केली, ती पुढे इतरत्र पसरली आणि एकर-गुंठे कागदावर पक्के झाले. स्वातंत्र्यानंतर, 1956 च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली. म्हणून कागद हेक्टरात बोलतो आणि आपण एकरात. आजींचे शून्य या दोहोंच्या मध्ये अडकले होते.

तेव्हा एवढे पाठ करा. 100 आर म्हणजे एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. कागदावर 0.40 असेल तर घाबरू नका, तो साधारण एक एकर आहे. वनहक्क कायद्यातली चार हेक्टरांची मर्यादा म्हणजे पावणेदहा एकरांहून थोडी जास्त.

हा हिशेब नुसता कागदापुरता नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याच हातून एक चूक झाली. भातासाठी हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश, अशी शिफारस मी सभेत वाचून दाखवली. 'हेक्टरी' म्हणालो, पण ऐकणाऱ्यांच्या कानात एकरच होता, हे ध्यानात घेतले नाही. एका शेतकऱ्याने ते सगळे खत एकरभर आवणाला दिले. भात काळेभोर माजले, करपा आला आणि ऐन दाणा भरताना आडवे झाले. हाती आले ते बहुतेक पळिंजच. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याचेच मला जास्त लागले. तेव्हापासून मी एकरातच सांगतो: नत्र 40, स्फुरद 20, पालाश 20 किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे झाले तरी एकरी 87 किलो युरिया पुरतो, आणि तोही एकदम नव्हे, हप्त्याने.

औषधाच्या बाटलीवरही प्रमाण बहुधा हेक्टरी असते. ते वाचा आणि अडीचने भागा. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्याकडून भागाकार करून घ्या. त्याचाही अभ्यास होईल.

आणि कोणी तुमचा कागद पाहून 'यात शून्यच आहे' म्हणाला, तर घाईने अंगठा उठवू नका. आधी विचारा, 'हे हेक्टर की आर? आणि त्याचे एकर किती?'

आजी जाताना नातवाला म्हणाल्या, "शून्याच्या पुढं काय हाय ते बघत जा रे." माझ्या साऱ्या लेखाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.