आवाज कसला काढता? माप काढा!

बुलेटचा सायलेन्सर बदलला, कॉलेजच्या गेटसमोर दोनदा फटाके फोडले, चार पोरांनी वळून पाहिलं. झालं मॉडिफिकेशन! पण खरं सांगा, यातून इंजिन किती कळलं? पाइप विकत आणला, नट आवळले, बस. वर पोलिसांनी पकडलं तर मोटार वाहन कायद्यानुसार दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाणार ते वेगळंच.

हात शिवशिवतच असतील तर एक खरोखर अवघड काम सुचवतो. एखाद्या जुन्या इंजिनाला घरी बनवलेला मॅनिफोल्ड जुळवून दाखवा.

हवा-पेट्रोलचं मिश्रण कार्बोरेटरकडून प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून देतो तो इनटेक मॅनिफोल्ड. जळालेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेतो तो एक्झॉस्ट. इंजिनाच्या ज्या तोंडांवर हे दोघं बसतात ते पोर्ट. समजा, तुमच्या आजोबांची जुनी जीप गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी आहे. बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापून-निवून तडकलाय, मूळ पार्ट कुठे मिळत नाही. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं : ‘देऊन टाका भंगारात.’

आणि भंगार म्हटलं की आपलं जालनाच! इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. त्यावर कितीतरी घरं चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. ज्या गावात पाइप, प्लेट, लेथ, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे, त्या गावातली आपण पोरं वर्कशॉपच्या तासाला कानशीनं एक जॉब घासतो, सबमिशनची सही घेतो आणि विसरून जातो.

म्हणून हे काम. यात पहिला धडा असा, की कापायच्या आधी बघा. महिंद्राच्या जुन्या जीपमधल्या विलीजच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला असतो. वेगळा इनटेक मॅनिफोल्ड बनवायचा प्रश्नच नाही! त्याआधीच्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनात मात्र इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही ब्लॉकच्या एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टनं जोडलेले. समोर कोणतं इंजिन आहे हे न बघता पाइप कापत बसाल, तर आख्खा रविवार वाया.

दुसरा धडा गॅरेजमधल्या मिस्त्रीकडून घ्या. तो पॅकिंगचा कागद पोर्टवर धरतो आणि हातोडीनं हलकं ठोकत कडा उमटवतो. तो कागद म्हणजेच तुमचं ड्रॉइंग. फ्लँजवर ठेवताना मात्र कागदाची इंजिनाकडची बाजू वर ठेवा, नाहीतर आरशातल्यासारखं सगळं उलटं होईल. शिवाय स्टडची भोकं थोडी सैल असतात, त्यामुळे मॅनिफोल्ड आवळताना सरकतो. तो दर वेळी एकाच जागी बसावा म्हणून दोन डॉवेल पिना हव्यातच. त्या नसतील तर बाकीचं सगळं जुळवणं फुकट.

‘एक-दोन मिलिमीटरनं काय होतंय?’ चला, हिशेब करू. ३० मिलिमीटर व्यासाच्या गोल पोर्टचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस मिलिमीटर. समोरचं तेवढंच तोंड २ मिलिमीटर सरकलं, तर जवळपास ६० चौरस मिलिमीटर वाट बंद होते. म्हणजे साडेआठ टक्के! बारावीची भूमिती इथे कामाला येते.

मग सगळंच मोठं करून टाकू? ही दुसरी चूक. ३० चं ३४ मिलिमीटर केलं की वाट २८ टक्क्यांनी वाढते, पण तेवढीच हवा आता २२ टक्के कमी वेगानं जाते. कमी आरपीएमला पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून भिंतीला चिकटतात आणि गाडी चढावर दम टाकते. ‘मोठं म्हणजे भारी’ हे इंजिनाला मान्य नाही.

नियम सोपा आहे. प्रवाह पुढे जाताना वाट किंचित रुंद झाली तर चालेल, पण समोर कठडा येता कामा नये. म्हणून इनटेक मॅनिफोल्डचं तोंड पोर्टपेक्षा केसभर लहान ठेवायचं आणि एक्झॉस्टचं केसभर मोठं. आधी शाई लावून खूण करायची, मग घासायचं. आणि गाडीवर कधीच घासायचं नाही. पार्ट काढून टेबलावर घ्या, नाहीतर लोखंडाचा कीस सिलिंडरमध्ये जाईल. डोळ्यांवर गॉगल हवाच. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ते कोरडं खरवडू नका.

आता एक्झॉस्टची गंमत. वेल्डिंगनं फ्लँज वाकतो, म्हणून तो जाड प्लेटला बोल्टनं आवळूनच वेल्ड करायचा, पूर्ण गार झाल्यावर सोडायचा आणि स्टीलची पट्टी व फीलर गेज लावून सपाटपणा तपासायचा. शिवाय ४५० मिलिमीटर लांबीचा स्टीलचा फ्लँज ४०० अंशांनी तापला, तर दोन मिलिमीटरहून थोडा जास्तच वाढतो. मघाशी पोर्ट जुळवताना जे दोन मिलिमीटर नको होते, ते इथे जागा करून द्यावे लागतात. मधली भोकं नेमकी ठेवायची आणि टोकाची लांबट, म्हणजे फ्लँज तापल्यावर सरकू शकतो. ही जागा ठेवली नाही, तर तो पुन्हा तडकणार.

कोणी म्हणेल, इलेक्ट्रिक गाड्यांच्या जमान्यात हे शिकून काय करायचं? अहो, दोन वस्तू जिथे जुळतात तिथेच बिघाड होतो, हे मोसंबीच्या बागेतल्या पंपालाही लागू आहे आणि बॅटरीच्या थंड पाण्याच्या पाइपालाही. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातूनच घ्यावी लागते. तिथे उतरणारी पोरं इनटेक स्वतः बनवतात. त्यांच्यात आणि आपल्यात फरक पैशांचा कमी आणि मापाच्या सवयीचा जास्त आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी, की ती मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. ताकद वाढवायला बनवलेला मॅनिफोल्ड इथे आडवा येऊ शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मूळ पार्ट मिळत नसेल तरच बनवा, तो मुळाबरहुकूम बनवा, आणि तडकलेला जुना तुकडा फेकू नका. पुढच्या माणसाला तोच नमुना लागेल.

‘जालना सोन्याचा पालना’ असं आपण अभिमानानं म्हणतो. या पाळण्यात भंगार होण्याआधी एखादी तरी जीप तुमच्या हातानं वाचू द्या. येत्या रविवारी व्हर्निअर आणि पॅकिंगचा कागद घेऊन गोठ्यामागे जा. ताडपत्री उचला. काही कापू नका, काही आवळू नका. फक्त सगळ्या पोर्टची मापं वहीत लिहून आणा.

वही भरली की मग आवाज करा. तोवर शेजाऱ्यांना झोपू द्या.