कंपाउंडच्या बाहेर

आमच्या सोसायटीच्या क्रिकेटमध्ये एक कडक नियम होता. बॉल डायरेक्ट कंपाउंडच्या बाहेर गेला की आऊट. वर बॉल आणायला ज्याने मारला त्यानेच जायचं, आणि शेजारच्या बंगल्यातल्या काकूंची झोपमोड झाली असेल तर त्यांची बोलणीही त्यानेच खायची. त्यामुळे आमची अख्खी बॅच जपून खेळायला शिकली. एकेक घ्या, खाली मारा, बॉल हरवू नका!

आता मला सांगा, उद्या कुणी म्हणालं की बॉल कंपाउंडच्या बाहेर नाही गेला तर आऊट, तर अशा खेळाच्या प्रेमात पडायला किती वेळ लागेल? मला बरोबर अर्धा तास लागला. एपिसोडच तेवढ्याचा होता.

'होम रन डर्बी'. अमेरिकन टीव्हीवर 1960 मध्ये लागलेला ब्लॅक अँड व्हाइट कार्यक्रम. न्यू जर्सीचा माझा आतेभाऊ एका दिवाळीत घरी आला होता. फराळाचं ताट मांडीवर घेऊन त्याने लॅपटॉपवर पहिला एपिसोड लावला. तोवर बेसबॉल म्हणजे हॉलिवूडच्या सिनेमात बाप-लेक अंगणात खेळतात ते काहीतरी, एवढीच माझी अक्कल. चकल्या संपल्या तेव्हा मी फॅन झालेली होते.

फंडा एकदम सोपा. दोन खेळाडू, नऊ इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आऊट. बॉल कुंपणापार गेला तर होम रन. बाकी कुठेही गेला तरी आऊट. चांगला बॉल नुसता सोडून दिला तरी आऊट! समोरचा पिचर तुम्हाला बाद करायला नाही, तर मारता येतील असे बॉल द्यायलाच उभा. म्हणजे सबब सांगायची सोयच नाही. जिंकणाऱ्याला 2,000 डॉलर, हरणाऱ्याला 1,000. लागोपाठ तीन होम रन मारले तर 500 चा बोनस.

सगळे 26 एपिसोड डिसेंबर 1959 मध्ये लॉस एंजेलिसच्या रिग्ली फील्डवर शूट झाले. हे शिकागोचं फेमस रिग्ली नव्हे हं, त्याचं नावभाऊ. हेच मैदान निवडण्यामागे डोकं होतं. डावी-उजवीकडचं कुंपण जवळपास सारख्याच अंतरावर, 340 फुटांच्या आसपास. त्यामुळे डावखुऱ्याला फायदा, उजव्याला तोटा, अशी भानगड नाही. आणि स्टेडियम अख्खं रिकामं. टाळ्या नाहीत, चीअरलीडर्स नाहीत. बॅटचा 'टॉक्' असा आवाज येतो आणि तो रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून परत येतो. आजच्या गोंगाटाची सवय असलेल्या कानांना आधी ते भकास वाटतं. मग तेच आवडायला लागतं.

पहिल्याच एपिसोडला मिकी मँटल विरुद्ध विली मेज. आपल्याकडे सचिन आणि लारा यांना रिकाम्या ब्रेबॉर्नवर सिक्स मारायला उभं केलं असतं, तर कसं वाटलं असतं, तसं समजा. मँटल 9-8 ने जिंकला. दोघंही तेव्हा 28 वर्षांचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते 'मोठे' वाटले होते. या खेपेला लक्षात आलं, अरे, हे तर आपल्याच वयाचे!

आणि हँक एरन तर 25 चा. पुढे याच माणसाने 1974 मध्ये बेब रूथचा 714 होम रन्सचा विक्रम मोडला. एक कृष्णवर्णीय माणूस तो मोडतोय हे सहन न होऊन लोकांनी त्याला धमक्यांची पत्रं पाठवली. तरी तो 755 वर जाऊन थांबला. पण इथे तो नुसता एक सडपातळ, शांत मुलगा आहे. त्याने लागोपाठ सहा लढती जिंकल्या, स्वतःच्याच टीममधल्या एडी मॅथ्यूजलासुद्धा हरवलं. सातव्यात वॉली पोस्टकडून हरला. एकूण कमाई 13,500 डॉलर, म्हणजे सगळ्यांत जास्त. तुम्ही म्हणाल, एवढ्या स्टार लोकांना हजार-दोन हजार डॉलर म्हणजे काय? पण आजच्यासारखे कोटींचे करार तेव्हा नव्हते. सीझन संपला की बरेच खेळाडू चक्क दुसरी नोकरी करायचे. त्यामुळे चेक हातात पडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते अॅक्टिंग नाही.

आता मी गेल्या आठवड्यात हे सगळं पुन्हा का बघत बसले, ते सांगते.

मास कॉमला आमची दोघींची जोडी होती. नोट्स, डबा, सबमिशनची रात्र, सगळं कॉमन. तीन महिन्यांपूर्वी एका ठिकाणी एकच जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केला आणि दोघी शेवटच्या राउंडपर्यंत गेलो. तिला मिळाली. मी 'काँग्रॅट्स यार!' असा मेसेज टाकला, पुढे तीन स्माइली. आणि मग तिचे फोन घेणं बंद केलं. बिझी आहे, डेडलाइन आहे, नेटवर्क नाही. फ्रीलान्सरकडे कारणांना काय तोटा!

त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून सहज डर्बी लावली. आणि पूर्वी जे कधी नीट बघितलंच नव्हतं, ते दिसलं. एक जण बॅटिंग करत असताना दुसरा काय करतो? तो सूत्रसंचालक मार्क स्कॉटच्या शेजारी टेबलाशी येऊन बसतो. आणि समोर आपला पराभव घडत असताना त्याला त्याच पराभवावर गप्पा मारायच्या असतात! प्रतिस्पर्ध्याचा बॉल आकाशात जातोय आणि हा म्हणतो, मस्त मारला, गेलाच तो. बोलायची सवय नसलेले, अवघडलेले हे खेळाडू. पण बहुतेक सगळे ते बोलतात. मग उठतात, बॅट घेतात आणि आपले आऊट व्हायला जातात. हरले की 1,000 चा चेक घेऊन हसून निरोप. मला तर एक फोन उचलवला नव्हता.

स्कॉटचं पुढे काय झालं हे वाचून आणखी गलबललं. शेवटचा एपिसोड जुलै 1960 मध्ये लागला आणि त्याच महिन्यात तो हार्ट अॅटॅकने गेला. वय 45. निर्मात्यांनी त्याच्या जागी दुसरा कुणी न शोधता कार्यक्रमच थांबवला. 1969 मध्ये ते मैदानही पाडलं. त्या 19 खेळाडूंपैकी दहा जण बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले, दहावा गिल हॉजेस तर थेट 2022 मध्ये. जून 2024 मध्ये विली मेज गेला. डिसेंबरमध्ये रॉकी कोलाव्हिटो गेला, आणि त्या टेबलाशी बसलेलं कुणीच उरलं नाही. कोण कितीने जिंकलं, हे मला आतेभावाला विचारावं लागतं. पण शेजारी बसून 'मस्त मारला' म्हणणारी माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सकाळी तिला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. पहिली दहा मिनिटं मी फक्त बोलणी खाल्ली, आणि ती मला खायचीच होती. नंतर तिने नव्या ऑफिसच्या गमती सांगितल्या. ऐकताना पोटात एकदा कळ आली, नाही असं नाही. तरी म्हटलं, मस्त मारलास. ती म्हणाली, काय? म्हटलं, काही नाही, शनिवारी भेट, एक जुनी सीरियल दाखवते.

शेवटी आमच्या सोसायटीचाच नियम खरा. बॉल ज्याने घालवला, त्यानेच आणायला जायचं.